समासातले शब्द : ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ आणि एका वऱ्हाडी वाचकाचे इंग्रजी

माझ्या कपाटात चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीची एक जुनी प्रत आहे. पुठ्ठा केव्हाच गेला. पाठीला खळ लावून खाकी कागद चिकटवलेला आहे. समासांत पेन्सिलीने लिहिलेले मराठी अर्थ आहेत. पहिल्या प्रकरणांत त्यांची दाटी आहे, मध्यावर ते विरळ होतात आणि शेवटी शेवटी समास जवळजवळ कोरे आहेत. अक्षर माझेच, पण ते अर्थ लिहिणारा जळगाव जामोदचा मुलगा आता मला थोडा परका झाला आहे. या लेखाचे मुख्य साधन म्हणजे हे समास. अभिजात कादंबरी वाचून परकी भाषा शिकता येते का, आणि येत असेल तर त्यातून नेमके काय शिकले जाते, हा प्रश्न मी त्यांना विचारणार आहे.

जळगाव जामोद हे सातपुड्याच्या पायथ्याचे, तालुक्याचे गाव. वऱ्हाडाचा हा मुलूख १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि १९०५ मध्ये जळगाव तालुका अकोल्यातून काढून बुलढाणा जिल्ह्याला जोडला गेला. म्हणजे इंग्रजी राज्याच्या कागदांत आमच्या गावाची नोंद होत राहिली, पण इंग्रजी भाषा काही गावात राहायला आली नाही. ती तहसील कचेरीत, कोर्टात आणि औषधाच्या बाटल्यांवर भेटे. माझ्या वाट्याला ती पाचवीत आली, तीही शब्दार्थांच्या वहीतून. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मध्ये उभी रेघ. अकरावीत असताना गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी ही प्रत माझ्या हाती दिली. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. ते एवढेच म्हणाले, “कोश उशाला घेऊ नको, पायथ्याशी ठेव. आधी पान संपव, मग हात लाव.”

फाइल म्हणजे काय?

कादंबरीचा आरंभ अनेकांना ठाऊक असेल. केंट परगण्यातल्या दलदलीकाठची दफनभूमी, नाताळच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. पिप नावाच्या पोरक्या मुलाला पायात बेडी असलेला एक पळालेला कैदी धरतो आणि दोन गोष्टी आणायला फर्मावतो : ‘फाइल’ आणि ‘विटल्स’.

‘फाइल’ हा शब्द मला येत होता. कचेरीत फायलींचे ढीग मी पाहिले होते. त्यामुळे या माणसाला आपल्या खटल्याचे कागद हवे असावेत, असे मी धरून चाललो. समासात तसे लिहिलेही आहे : ‘केसचे कागद’. पण पिप ती फाइल आपल्या मेव्हण्याच्या, म्हणजे जो गार्जरीच्या लोहारशाळेतून चोरतो, तेव्हा मी अडखळलो. लोहाराकडे खटल्याचे कागद कशाला असतील? बेडी, लोहार, पहाट आणि चोरी या चार गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकदम कानस दिसली. आमच्या गल्लीच्या टोकालाही भाता, ऐरण आणि कानस घेऊन बसणारा लोहार होताच. ‘केसचे कागद’वर काट मारलेली आहे आणि तिच्याखाली ठळक अक्षरात ‘कानस’ असे लिहिले आहे. वहीतल्या पाठ केलेल्या शब्दांपैकी बहुतेक विरले. हा शब्द मात्र गेला नाही. मला वाटते, तो टिकला याचे कारण आधी मी त्याचा चुकीचा अर्थ मनाशी धरला आणि गोष्टीनेच मला तो सोडायला लावला.

‘विटल्स’ तर कोशात सापडेना. गुरुजींनी उलगडा केला. शब्द कोशात आहे, पण त्याच्या स्पेलिंगमध्ये एक ‘सी’ आहे, जो कोणी उच्चारत नाही. स्पेलिंगबरहुकूम ‘व्हिक्च्युअल्स’ वाचशील तर चुकशील. उच्चार ‘व्हिटल्स’, अर्थ खाण्याचे जिन्नस. डिकन्सने कैद्याच्या तोंडी हा शब्द अशिक्षिताच्या स्पेलिंगने घातला आहे. गंमत अशी, की आरंभीच्या वर्णातला फरक सोडला तर अशिक्षिताचे हे स्पेलिंगच खरा उच्चार सांगते आणि कोशातले शुद्ध स्पेलिंग चकवते. तो आरंभीचा फरक तरी आम्हा मराठी मुलांना कुठे जाणवायचा? आमच्या एका ‘व’मध्ये दोन्ही ध्वनी सुखाने नांदतात.

वरचे दूध आणि चौदावे रत्न

एकेका शब्दाचे असे. वाक्प्रचारांचे दुखणे याहून अवघड. त्यांतला प्रत्येक शब्द ओळखीचा असतो आणि तरी अर्थ हाती लागत नाही. दुसऱ्या प्रकरणात पिप सांगतो की त्याच्या थोरल्या बहिणीने त्याला ‘बाय हँड’ वाढवले आणि त्याबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांत तिचा मोठा लौकिक आहे. माझ्या समासात याचा अर्थ आहे : ‘तळहाताच्या फोडासारखा जपला’. हात आणि वाढवणे हे दोन शब्द एकत्र दिसताच मराठी मनाला तळहाताचा फोड आठवणार, यात नवल नाही. पण बहिणीचा एकेक पराक्रम वाचत गेलो तसा हा अर्थ टिकेना.

त्या काळच्या इंग्रजीत या वाक्प्रचाराचा खरा अर्थ असा, की आईच्या अंगावर न पाजता बाळाला बाहेरचे दूध भरवून वाढवले. त्याला मराठीत अगदी जवळचा प्रयोग आहे : वरच्या दुधावर वाढवणे. पण पिपला हा अर्थ कोणी सांगितलेला नाही. बहिणीचा हात जड आहे आणि तो आपल्यावर व जोवर सारखाच पडतो, एवढे त्याला ठाऊक. त्यावरून तो निष्कर्ष काढतो की आपण दोघेही ‘हातानेच वाढलो’. विनोद आहे, पण पोटात कळ उठवणारा. आता अनुवादकाची अडचण पाहा. ‘वरच्या दुधावर’ म्हटले की हात जातो आणि हाताबरोबर मारही जातो. हात राखावा तर दूध जाते. एका वाक्प्रचारात बाळाचे पोषण आणि पोराची मारझोड एकत्र बांधलेली आहे. ती गाठ मराठीत तशीच येत नाही, हे उमगणे हेही भाषा शिकणेच होय.

उलट, काही गाठी मराठीत सहज येतात. बहिणीच्या छडीचे नाव आहे ‘टिकलर’, म्हणजे गुदगुल्या करणारी. ज्या भाषेत मार देण्याला ‘चौदावे रत्न दाखवणे’ म्हणतात, त्या भाषेच्या पोराला हा उपरोध समजावून सांगावा लागत नाही. समासात मी ‘१४ वे रत्न’ एवढेच लिहिले आहे आणि आजही त्यात मला दुरुस्ती सुचत नाही.

तिसरा नमुना ‘लार्क्स’ या शब्दाचा. माझ्या छोट्या कोशात पहिला अर्थ होता चंडोल पक्षी. सातव्या प्रकरणात पिप पाटीवर जोला एक पत्र लिहितो. मोडक्यातोडक्या स्पेलिंगचे ते पत्र, आणि मी तुझ्या हाताखाली शिकायला लागलो की काय हे चंडोल, अशा अर्थाचे त्यात काहीतरी! पक्ष्यांचा काय संबंध, म्हणून मी तिथे प्रश्नचिन्ह करून पुढे गेलो. पुढे पिप लंडनला जातो. गावाकडची बिडी जोच्या वतीने पत्र धाडते आणि शेवटी लिहिते की ‘लार्क्स’ हा शब्द मुद्दाम घालायला त्याने सांगितले आहे, तुला कळेल म्हणाला. अगदी अखेरीस आजारातून उठलेल्या पिपला जो आपली जुनी सोबत आठवून देतो, तेव्हाही हाच शब्द येतो. शब्दाचा सरळ अर्थ गंमत, मौज, खोड्या. पण तिसऱ्या वेळी तो येतो तेव्हा त्यात शेगडीजवळची दोघांची संध्याकाळ, मध्ये गेलेली वर्षे आणि न मागितलेली क्षमा असे सगळे साठलेले असते. कोश शब्दाचा अर्थ सांगतो. शब्दाला वय असते हे मला कादंबरीने सांगितले.

चुकीचे वाचन आणि घटमांडणी

इथवर आल्यावर ध्यानात येते की ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ हे भाषा शिकणाऱ्याच्या हाती पडलेले साधे पुस्तक नाही. त्याचा नायकच भाषा शिकणारा आहे, आणि तो सतत चुकीचे वाचतो. थडग्याच्या दगडावर वडिलांच्या नावाखाली ‘तसेच जॉर्जियाना, वरील इसमाची पत्नी’ अशा अर्थाचा मजकूर आहे. पिप ‘तसेच’ हा शब्द आईच्या नावाचाच भाग समजतो. ‘वरील’चा अर्थ तो ‘वर गेलेले’, म्हणजे स्वर्गवासी असा लावतो. एकाच मार्गाने चालत राहीन, अशी चर्चच्या प्रश्नोत्तरीतली प्रतिज्ञा त्याला पाठ असते. तीही तो शब्दशः घेतो आणि घरून निघाल्यावर रोज गावातल्या एकाच वाटेने गेले पाहिजे असे समजतो.

हे वाचताना मला आमच्या घरातला सातबाराचा उतारा आणि एक जुने खरेदीखत आठवले. त्यात पुन्हा पुन्हा येणारा ‘सदरहू’ हा कोणी बडा असामी असावा आणि गावातली निम्मी जमीन त्याच्याशी निगडित असावी, असे मी बरीच वर्षे समजत होतो. माझ्या मराठीतल्या ‘सदरहू’ने मला पिपचे इंग्रजी समजावले. अज्ञानाची लाज कमी झाली. ज्याच्या मातृभाषेत ही कादंबरी लिहिली, तो मुलगाही शब्दांपाशी असाच ठेचकाळत होता.

आता या ठेचकाळण्याबद्दल अभ्यासक काय म्हणतात ते पाहू. शब्दसंग्रहाचे संशोधक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे. कादंबरी कोणाच्याही मदतीवाचून समजायची तर तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द वाचकाला ठाऊक असावे लागतात, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुलांची ओळख लागते. अकरावीत माझ्यापाशी त्याचा लहानसा वाटाही नव्हता. मग मी वाचले कसे? १९७८ मध्ये सरागी, नेशन आणि माइस्टर यांनी एक सुंदर प्रयोग केला. अँथनी बर्जेसच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या कादंबरीत रशियन धाटणीचे अनेक बनावट शब्द आहेत. इंग्रजी मातृभाषा असलेल्या वाचकांना ती वाचायला दिली आणि नंतर अनपेक्षितपणे त्यातल्या ९० शब्दांची परीक्षा घेतली. सरासरी ७६ टक्के अर्थ बरोबर आले. म्हणजे निव्वळ गोष्ट वाचून शब्द शिकता येतात. पण १९८९ मध्ये पिट्स, व्हाइट आणि क्रॅशन यांनी इंग्रजी ही परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांना याच कादंबरीची पहिली दोनच प्रकरणे वाचायला दिली, तेव्हा लाभ दिसला, पण अगदी अल्प. हे दोन्ही निकाल मी माझ्या समासांशी ताडून पाहतो. पहिल्या दोन प्रकरणांपाशीच परीक्षा घेतली असती तर मीही नापासच झालो असतो. ‘लार्क्स’चा अर्थ मला दोन प्रकरणांत नव्हे, पन्नास प्रकरणांत लागला.

आमच्या तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात गोलाकार अठरा प्रकारची धान्ये मांडतात, मध्ये घट ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत पडलेला फरक पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. भाकिताच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. पण कोणता दाणा जागचा हलला, कोणता कोणाच्या जवळ सरकला, यावरून अर्थ लावायचा ही रीत मला ओळखीची वाटते. अनोळखी शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून लावणे ही एक घटमांडणीच. फरक एवढाच, की वाचनातले भाकीत पडताळायला वर्ष लागत नाही. पुढच्या पानावर कानस लोखंड कापू लागते आणि चुकीचा अर्थ आपोआप गळून पडतो. जी यादी पाठ करायची असते, तिला पुढचे पानच नसते.

पाठमाला आणि रेनॉल्ड्स

मराठी माणूस इंग्रजी कसे शिकला, याच्या इतिहासातही या दोन वाटा स्पष्ट दिसतात. एक वाट कोशाची आणि पाठमालेची. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा, आणि पुढे पिढ्यान्पिढ्या चाललेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. दुसरी वाट गोष्टीची. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर इंग्रजी वाचणारांचा एक वर्ग तयार होत गेला. त्याला अभ्यासक्रमातून जॉन्सन आणि गोल्डस्मिथ भेटले. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेले भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. पण ज्याचे पुस्तक उशाखाली लपवून वाचले जाई, तो लेखक जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. विलायतेत टीकाकारांनी नाक मुरडलेल्या या कादंबरीकाराला हिंदुस्थानात अफाट वाचक मिळाले. प्रिया जोशी यांनी ‘इन अनदर कंट्री’ या २००२ च्या ग्रंथात ग्रंथालयांच्या नोंदी तपासून हे दाखवले आहे. राज्यकर्त्यांनी सुसंस्कृत करण्यासाठी एक पुस्तक पुढे केले आणि वाचकाने दुसरेच उचलले.

हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ (१८८५) ही रेनॉल्ड्सच्याच एका कादंबरीच्या आधारे रचलेली. पण पाचेक वर्षांत तेच हरिभाऊ ‘करमणूक’ साप्ताहिकात ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहू लागले. डिकन्सनेही ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ १ डिसेंबर १८६० पासून पुढच्या ऑगस्टपर्यंत स्वतःच्या साप्ताहिकात क्रमशः छापली होती. पिपप्रमाणे आपट्यांची यमूही आपली कहाणी लहानपणापासून प्रथमपुरुषात सांगते, आणि तिलाही मोठ्यांच्या बोलण्याचा अर्थ उशिरा कळत जातो. इथे कोणी कोणावरून घेतले हे मला सांगायचे नाही. मला दिसते ते असे : इंग्रजी कादंबऱ्या वाचून ज्याचा कान तयार झाला, तो लेखक अखेर माजघरातल्या मराठीकडे वळला. त्या कादंबरीचे शीर्षकच पाहा. ते कोशातले नव्हे, बोलण्यातले आहे. परक्या भाषेतले वाचन चांगले झाल्याची याहून मोठी खूण मला माहीत नाही.

शीर्षकाचा अर्थ, आणि मर्यादा

माझ्या प्रतीच्या पहिल्या पानावर शीर्षकाखाली लिहिले आहे : ‘महान अपेक्षा’. अठराव्या प्रकरणात जॅगर्स वकील लोहारशाळेत येऊन सांगतो की या पोराला ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ आहेत, तेव्हा माझा अर्थ कोलमडला. अपेक्षा तर कोणालाही असतात; त्या सांगायला लंडनहून वकील कशाला हवा? या अनेकवचनी शब्दाला त्या काळी एक व्यवहारी अर्थ होता : वारशाने किंवा कोणाच्या कृपेने पुढे मिळायच्या मालमत्तेची आशा. आमचे गाव कोर्टकचेरीचे. स्थावर-जंगम, वारस, दानपत्र हे शब्द आम्ही चहाच्या टपरीवर ऐकलेले. त्यामुळे वेमिक हा वकिलाचा कारकून ऊठसूट ज्या ‘पोर्टेबल प्रॉपर्टी’चा जप करतो, ती म्हणजे आपली जंगम मालमत्ता, हे मला कोशावाचून कळले.

पण हा पैसा कोणाचा? पिपला वाटते मिस हॅविशॅमचा. असतो मात्र त्या कानस मागणाऱ्या कैद्याचा, मॅग्विचचा. न्यू साउथ वेल्सच्या काळ्या पाण्यावर पाठवलेल्या त्या माणसाने मेंढपाळीतून तो कमावलेला असतो. शिक्षा झाल्यामुळे अखेर ती सारी मिळकत सरकारजमा होते. शीर्षकातला शब्द असा तीनदा पालटतो. आधी तो कायद्याचा, मग मनातल्या मनोऱ्यांचा, आणि सरतेशेवटी उपहासाचा. समासात ‘महान अपेक्षा’ खोडून मी ‘वारशाची आशा’ केले, पुढे तेही खोडले. आता तिथे काहीच नाही. तिन्ही अर्थ पेलणारा एक मराठी शब्द मला अजून सुचलेला नाही.

या मार्गाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. डिकन्सचे इंग्रजी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. एका नोकरीच्या मुलाखतीत मी जेवणाला ‘व्हिटल्स’ म्हणालो आणि समोरचे तिघे एकमेकांकडे पाहू लागले. कोणता शब्द आज चालतो आणि कोणता संग्रहालयात ठेवायचा, हे कादंबरी सांगत नाही. त्यासाठी वर्तमानपत्र आणि बोलणारी माणसे हवीत. ढाक्यात शिकवताना मायकेल वेस्ट यांनी मोजक्या शब्दांत नव्याने लिहिलेली वाचनमाला हिंदुस्थानी मुलांसाठी तयार केली. १९५३ ची त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची सूची आजही पायाभूत मानली जाते. त्या पायऱ्या टाळून थेट डिकन्सवर उडी घेण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही. मला तो मानवला, कारण शेजारी गुरुजी होते. २००० सालापासून आपल्याकडे इंग्रजी पहिलीपासून आले. वर्षे वाढली, पण शब्दार्थांच्या वहीतली उभी रेघ अजून तिथेच आहे. माझी तक्रार त्या रेघेशी आहे. तिच्या उजवीकडे एकच अर्थ मावतो.

गुलाम आणि ‘सांगजा’

शेवटचे टिपण सगळ्यात लहान आहे. ते सांगण्याआधी आठवे प्रकरण आठवले पाहिजे. मिस हॅविशॅमच्या अंधाऱ्या घरात पिप आणि एस्टेला पत्ते खेळतात. आपल्या भिकार-सावकाराशी नाते सांगणारा डाव. पिप एका पत्त्याला ‘जॅक’ म्हणतो आणि एस्टेला तुच्छतेने हसते, कारण वरच्या वर्गात त्याला ‘नेव्ह’ म्हणत. मराठीत आपण त्याला गुलाम म्हणतो. ‘नेव्ह’चा मूळ अर्थही पोऱ्या, नोकर असा होता, म्हणजे आपला शब्द तिच्याच शब्दाच्या जवळचा. पण पिपला याचा काय उपयोग? एका शब्दाने त्याला आपले खरखरीत हात आणि जाड बूट दिसू लागतात, आणि मग जो दिसू लागतो, लोहार जो. भाषेची लाज अशी एका शब्दातून शिरते आणि घरापर्यंत पोचते.

सत्ताविसाव्या प्रकरणात जो लंडनला पिपला भेटायला येतो. संकोचाने त्याला हॅट कुठे ठेवावी कळत नाही; ती पुन्हा पुन्हा पडते आणि तो ती पकडत राहतो. लहानपणापासून ज्याला नावाने हाक मारली त्या पोराला तो मध्येच ‘सर’ म्हणू लागतो. निघताना मात्र तो सावरतो. कोणी लोहार असतो, कोणी सोनार, कोणी तांबट. माणसांच्या वाटा वेगळ्या व्हायच्याच, अशा आशयाचे तो शांतपणे बोलतो आणि जातो. अकरावीत हे प्रकरण वाचून मी खूप हसलो होतो. समासात एकच शब्द आहे : ‘विनोदी’.

दोन वर्षांनी मी अमरावतीला वसतिगृहात होतो. वडील बाजार समितीत मापारी. पोत्यांची वजने सांगून आवाज बसलेला. एके रविवारी ते न कळवता आले. हातात फडक्यात बांधलेली शिदोरी. खोलीत माझे दोन मित्र होते, शहरातले, सफाईदार बोलणारे. वडील दारातच उभे राहिले. मी “या” म्हणालो, पण हे माझे वडील, असे मित्रांना सांगायला मला जरा वेळ लागला. तो वेळ त्यांनी मोजला असणार. मोजणे हा त्यांचा धंदाच होता. ते फार बसले नाहीत. उठताना म्हणाले, “काही लागलं त सांगजा.”

वऱ्हाडीत बाप मुलाला ‘सांगजो’ म्हणतो. ‘सांगजा’ आदराचे, तुम्ही-आम्हीचे. आयुष्यात पहिल्यांदा वडील मला तुम्ही म्हणाले होते, आणि फरक होता एका स्वराचा. इंग्रजीत तू आणि तुम्ही दोघांना एकच ‘यू’. तिथे हा फरक दाखवायला डिकन्सला ‘सर’ वापरावे लागले. जोचे ते ‘सर’ मी अकरावीत ‘साहेब’ असे भाषांतरून पुढे गेलो होतो. त्याचा अर्थ मला वसतिगृहाच्या दारात, वऱ्हाडी बोलीत कळला.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. अभिजात कादंबरी शब्द शिकवते, वाक्प्रचारही शिकवते. पण त्यांच्यासोबत त्या शब्दांची किंमतही कळवते, आणि ती कळायला वाचकाची स्वतःची बोली शाबूत असावी लागते. पिप इंग्रजी सुधारत गेला आणि जोची भाषा ऐकू येईनाशी झाली. ती पुन्हा ऐकू येईपर्यंत त्याचे शिक्षण अपुरेच होते. सत्तावन्नाव्या प्रकरणात तो आजारातून उठतो तेव्हा जो टेबलाशी बसून पत्र लिहीत असतो. मधल्या काळात बिडीने त्याला लिहायला शिकवलेले असते. लेखणी तो पहारीसारखी धरतो, पण लिहितो.

माझ्या प्रतीतल्या बहुतेक चुका मी खोडल्या आहेत. सत्ताविसाव्या प्रकरणाच्या समासातला ‘विनोदी’ मात्र तसाच ठेवला आहे.